आखूड कानांचं पिल्लू

मेलितोना लारोता एकोणीस वर्षं खोटं बोलत होती. हे एवढंसं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. समोरचा डोंगर उठून नदीपल्याड जाऊन बसला, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यावर आधी विश्वास ठेवला असता.

कारण आमच्या वाडीत खरं-खोटं ठरवायचं असलं की लोक मेलितोनाच्याच दारात जातात. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. गालांवर वाऱ्याने पाडलेल्या लालसर भेगा, डोक्यावर लग्नात घातलेली टोपी, आणि पाठीवरच्या रंगीत कापडात कायम काहीतरी बांधलेलं. कधी कोकाची पानं, कधी चरखीसाठी लोकर, कधी थंडीने काकडलेलं पिल्लू. अक्षर एक वाचता येत नाही. पण वाडीतल्या कुठल्याही अल्पाकाकडे बोट दाखवा, ही बाई तिची आई, आजी, पणजी नावानिशी सांगते. माझ्या नाटकमंडळीत पाच-पाच अंक तोंडपाठ असलेले नट होते. प्रयोग रंगात आला की त्यांच्याकडूनही ओळी गळायच्या, मग विंगेतून कुजबूज व्हायची. मेलितोनाला विंगेची गरज कधी पडली नाही.

जीभ मात्र तिखट. गुडघे गेल्यावर आणि आवाज बसल्यावर मी मंडळी सोडून इथे राहायला आलो, तेव्हा माझं स्वागत तिने असं केलं: "कोम्पाद्रे, नाटकात राजे होतात ना? आता शेण गोळा करायला शिका. सिंहासन जाळून सूप शिजत नाही."

कोम्पाद्रे, म्हणजे तिच्या लेकीचा धर्मबाप. हे नातं चौतीस वर्षांपूर्वी जुळलं. आमचा ट्रक खालच्या चढावर बंद पडला होता, आणि वर वाडीत तीन वर्षांच्या कासिल्दाचं जावळ काढायचं होतं. मेलितोनाचा नवरा सिल्व्हेरियो खाली आला, ट्रकमधल्या पेटाऱ्यांवरचे पोशाख बघून म्हणाला, "आमच्या पोरीची पहिली बट तुमच्यासारख्या माणसाने कापावी." मी अंगरखा चढवून वर गेलो, बट कापली. धर्मबापाने रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून नदीपल्याडच्या कळपातून एक पांढरीशुभ्र मादी आणून पोरीला दिली. तिचं नाव ठेवलं कापूस.

आमच्याकडे असं दिलेलं जनावर एकटं नसतं. तिला ज्या मुली होतील, त्या मुलींना ज्या मुली होतील, त्या सगळ्या त्या पोरीच्या. नर जन्मला तर घराचा, मादी जन्मली तर तिची. कासिल्दाच्या ओळीला हिरवा गोंडा असे, डाव्या कानात. आणि नवं पिल्लू आलं, अंगावरचं पाणी वाळलं, की घरची बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून पहिल्या आईपासून सगळी ओळ म्हणते. एकेक नाव घेतलं की भोवतीच्यांनी म्हणायचं, "आहे." शेवटी येतं नवं नाव. ते डोंगराच्या कानावर गेलं की पिल्लू आपलं झालं.

कासिल्दा अठराव्या वर्षी अरेकिपा शहराला निघून गेली, सुताच्या गिरणीत. भांडून नाही, रडून नाही. शनिवारच्या ट्रकमध्ये बसली आणि गेली. त्यानंतर मेलितोना ट्रकवाल्यांच्या तोंडी तिला निरोप धाडत राहिली. तब्येतीचा नाही, पाऊसपाण्याचा नाही. फक्त एवढाच: "तुझी चार झाली. यंदा राखेला मुलगी झाली. तुझी नऊ झाली." तिकडून बिस्किटांचे पुडे येत, एकदा निळं प्लास्टिकचं टोपलं आलं. कासिल्दा आली नाही.

थोरला मुलगा एवारिस्तो घरीच राहिला. आई, कळप, कुरण, सगळं त्यानेच ओढलं. त्याचा राग मला समजत होता. "माझ्या गवतावर भुताची जनावरं चरतात, तायता," तो मला म्हणायचा; इथे वडीलधाऱ्याला तायता म्हणतात. "भूत अरेकिपात बसून बिस्किटं पाठवतंय."

या फेब्रुवारीत भूत आलं. एक पिशवी, शहरी बूट, सदतीस वर्षांची थकलेली बाई. गिरणीत नवी यंत्रं आली होती आणि बायकांना घरी पाठवलं होतं. चुलीपाशी बसून तिने गोठवलेल्या बटाट्याचं सूप संपवलं आणि म्हणाली, "माझी अकरा आहेत ना? मग मी राहते."

याचा अर्थ तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होता. आमचं कुरण सगळ्या वाडीचं. ज्याच्या नावची मादी आहे, त्याला कुरणात वाटा आणि झोपडीपुरती जागा. ज्याच्या नावची नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याने ट्रक गाठायचा असतो. कासिल्दाच्या अकरा होत्या. मेलितोनाने तिची वाटी पुन्हा भरली. सूप काठावरून सांडलं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी नऊच्या सुमाराला धुकं व्यायला बसली. धुकं म्हणजे हिरव्या गोंड्याची, राखेची मुलगी. ऊन चांगलं पडलं होतं. जनावरांच्या वाडग्यात आम्ही चौघंच होतो: मेलितोना, दोन्ही मुलं आणि दगडावर घोंगडी टाकून मी. आधी नाक आलं, मग पुढचे पाय. मग सगळं पिल्लू एकदम घसरून गवतावर पडलं, वाफाळणारं, तपकिरी, ओल्या दोरीच्या गुंडाळ्यासारखं.

"मादी आहे," एवारिस्तो वाकून म्हणाला. "घे. बारा झाली तुझी. आता मलाच ट्रकमध्ये बसव."

"बस की, दादा. बिस्किटं पाठवत जा," कासिल्दा म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा हसली ती.

अल्पाका आपल्या पिल्लाला चाटत नाही. नाक लावते आणि घशातल्या घशात गुणगुणत राहते. पुसायचं काम माणसांचं. मेलितोना गोणपाट घेऊन बसली आणि नेहमीसारखी कानांपासून सुरुवात केली. इतकी वर्षं मी बघत आलो होतो: बाकीचे लोक आधी नाक पुसतात, मेलितोना हिरव्या गोंड्याच्या पिल्लांचे आधी कान पुसते. मला वाटायचं, तिच्या माहेरची रीत असेल.

त्या दिवशी तिचे हात कानांवर गेले आणि तिथेच राहिले. पिल्लू मान झाडत होतं, धुकं कावरीबावरी होऊन भोवती फिरत होती, आणि ही बाई दोन्ही तळवे कानांवर दाबून बसलेली.

"आई, गुदमरेल ते," कासिल्दा म्हणाली.

मेलितोनाने हात काढले. कान जवळजवळ नव्हतेच. अंगठ्याच्या पेराएवढे दोन मांसल तुकडे, जन्मतःच कुणी कातरून टाकल्यासारखे.

एवारिस्तो शीळ घालता घालता थांबला. "हे तर आपल्या आजीच्या ओळीचे कान," तो म्हणाला.

असे कान वाडीत एकाच ओळीत येतात, तेही क्वचित. मेलितोनाने माहेराहून आणलेल्या जनावरांच्या ओळीत. दहा-पंधरा वर्षांत एखादं. कापूस नदीपल्याडची, तिच्या ओळीत असे कान यायचं कारण नव्हतं. मला ते कळायला एवारिस्तोपेक्षा थोडा वेळ लागला, पण कळलं. आणि कळल्याबरोबर मी तेच केलं जे मी आयुष्यभर करत आलो. कुणी अडखळला की पदरची ओळ घालायची.

"नराकडून आले असतील," मी म्हणालो. "गेल्या मार्चमध्ये पल्याडच्या कळपातला एक नर शिरला होता ना. आखूड कानांचा. मी पाहिला."

"तायता," एवारिस्तो म्हणाला, "तुम्ही परवा माझ्या बायकोला नमस्कार केलात आणि ती गोठ्यातली लामा होती. तुम्हाला नराचे कान दिसले?"

"कान नसलेलं चटकन दिसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बहिणीच्या बुटांकडे बघितलं, आईच्या पाठीकडे बघितलं आणि खांदे उडवले. "असेल. ओळ आईकडून मोजायची असते. नरापायी कोण भांडतंय? म्हण, आई. ढग येतायत."

विषय संपला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण नंतर वाडीत वेगळं बोललं गेलं. कुणी तिला पकडलं नव्हतं. एवारिस्तोने पाठ फिरवली होती, मी खोटं बोलून मोकळा झालो होतो, कासिल्दाला तर कशाचा पत्ताच नव्हता. मेलितोनाने नुसती ओळ म्हणायची होती, जशी अठरा वेळा म्हटली होती.

तिने कोकाची तीन पानं जुळवली, डोंगराकडे फुंकर घातली. पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला.

"कापूस."

"आहे," आम्ही म्हणालो.

"कापसाची पिठी."

"आहे."

"पिठीची दव."

"आहे." या खेपेला कासिल्दाचा आवाज सगळ्यांच्या वर होता, लहान मुलीसारखा, पाठ केलेलं बरोबर आल्याच्या आनंदाचा.

"दवची..." मेलितोना म्हणाली आणि थांबली.

आम्ही वाट पाहिली. मला वाटलं, म्हातारी विसरली. आयुष्यात पहिल्यांदा विसरली.

"राख," कासिल्दा हळूच म्हणाली. "दवची राख, आई. राखेची धुकं."

मेलितोनाने पिल्लाच्या पाठीवरचा हात उचलला. "दवला मुलगी झाली नाही," ती म्हणाली. "दव मेली. पिठी मेली, कापूस मेली. तू गेलीस त्याच ऑगस्टात. तीन दिवस बर्फ पडत होतं. तुझ्या बाबांना आणि मला त्या खडकाआड सापडल्या. तिघी एकमेकींना टेकून बसलेल्या होत्या. उठवायला गेलो तर कडक."

मी त्या साली डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी खाली शहरात होतो. एवारिस्तो सैन्यात होता. हे बघणारे दोघंच, आणि त्यातला सिल्व्हेरियो केव्हाच गेला.

"मी गोंडे कापून घेतले," मेलितोना म्हणाली. तिचा आवाज ओळ म्हणतानाचाच होता, सपाट, एकेक शब्द वेगळा. "घरी येताना विचार केला म्हणेन तर ते खोटं होईल. काही विचार केला नाही. वाडग्यात शिरले, जी समोर आली तिच्या कानाला एक गोंडा बांधून टाकला. ती राख. माझी होती, माझ्या आईच्या ओळीची. तुझे बाबा म्हणाले, मेलि, हे काय? मी म्हटलं, पोर परत येईल तेव्हा तिचं इथे काहीतरी पाहिजे. ते पुन्हा कधी बोलले नाहीत."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते कान आले. एकोणीस वर्षं ही बाई प्रत्येक जन्माला आधी कान चाचपत होती. सगळे हसत असत, मक्याची दारू, चिचा, ओतत असत, आणि हिच्या बोटांत जीव गोळा झालेला असायचा. मी शेजारच्या दगडावर बसून त्याला रीत समजत होतो. मी, ज्याने चाळीस वर्षं मुद्रा आणि हातवारे हेच पोटाचं साधन केलं.

कासिल्दा उभी राहिली होती. चेहऱ्यावर रंग नव्हता. "गिरणीत मुकादमीण ओरडायची," ती म्हणाली. "केस ओढायची एकेकीचे. मी मनात म्हणायची, ओरड बाई, वर माझी नऊ आहेत."

"होती नऊ," मेलितोना म्हणाली. "माझी होती."

"निरोप कशाला पाठवायचीस मग?"

"दुसरं काय पाठवणार होते?"

"मी जनावरांसाठी आले, आई. तुझ्यासाठी नाही आले."

"माहीत आहे मला."

एवारिस्तो कुंपणाच्या दगडावर मटकन बसला. "म्हणजे ही सगळी घरचीच?" तो म्हणाला. "मग इतकी वर्षं मी कुणाच्या जनावरांना शिव्या घातल्या?" त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "आई, मी गप्प बसलो होतो. तायता तर नरासकट गोष्ट रचून बसले होते. सांगितलंस कशाला?"

मेलितोनाने गोणपाटाची घडी घातली, उलगडली. "डोंगराला खोटं सांगत आले, वाडीला सांगत आले," ती म्हणाली. "त्याचं काय ते मी बघून घेतलं असतं. पण आज ही शेजारी बसून 'आहे' म्हणायला लागली. आणखी एक नाव घेतलं असतं तर तिच्या तोंडून ते खोटं झालं असतं. मग मी मेल्यावर तिने ते सांभाळत बसायचं? दर पिल्लाचे कान चाचपत?"

कासिल्दा वाडग्याच्या दारापर्यंत गेली होती. तिथून घर दिसतं, घरात तिची पिशवी होती, आणि उद्या शनिवार होता. मी मेलितोनाकडे पाहिलं. आता ही म्हणेल, थांब. आता पाय धरेल. रंगमंचावर अशा जागी मी स्वतः कितीदा गुडघ्यांवर आलो आहे, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले आहेत.

मेलितोनाने पाय धरले नाहीत. पिल्लाच्या पाठीवर पुन्हा हात ठेवला. "घरच्या बाईला नावाच्या वेळी पिल्लू देता येतं," ती पाठमोऱ्या लेकीला म्हणाली. "बाकीची जी माझी आहेत ती माझ्यामागे एवारिस्तोची. त्याने राखली आहेत. ही एक तुला दिली. या दोघांसमोर दिली. हिच्या आधी तुझ्या ओळीत कुणी नाही. एकीवरही वाटा मिळतो, तुला माहीत आहे. नाव तू ठेव."

"मला विचारलं नाहीस," एवारिस्तो म्हणाला.

"नाही विचारलं."

"नाही, बरोबर आहे," तो पुटपुटला.

इतक्या वेळात पिल्लाला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने मागचे पाय उभे केले होते आणि पुढचे जमत नव्हते. पडलं, पुन्हा उठलं. चारही पाय चार दिशांना टाकत धुक्यापर्यंत पोचलं आणि नेमकं पुढच्या पायांत तोंड खुपसून ओढायला लागलं. तिथे दूध कुठलं. धुकं गुणगुणत होती, पिल्लू हवा चोखत होतं, आणि आम्ही तिघं कधी नव्हे ते जागेवरून हललो नाही. दाराशी उभ्या बाईची पाठ बघत राहिलो.

कासिल्दाने बराच वेळ सहन केलं. मग शहरी बुटांनी चिखल तुडवत आली, पिल्लाला कमरेत धरून मागे वळवलं, त्याचं डोकं आईच्या पोटाखाली नेलं आणि धरून ठेवलं. चपचप आवाज सुरू झाला. तिची बोटं सूत कातणाऱ्या बाईची, पण पकड विसरली नव्हती.

"नाव," मेलितोना म्हणाली.

"आज नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एवारिस्तोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या वाडीत पिल्लू बिननावाचं झोपल्याचं मी ऐकलेलं नाही, माझ्याआधीच्या म्हाताऱ्यांनीही ऐकलेलं नव्हतं.

"सूर्य बुडायच्या आत सांगावं लागतं, बाई," मेलितोनाचा आवाज आता मात्र कापला. इतक्या वेळात पहिल्यांदा. "नाव नसलेलं डोंगर आपलं समजतो. घेऊन जातो."

"मग मी राखत बसेन. न्यायला आला की बघू." कासिल्दाने मान वर केली नाही. "मला आज कुणाच्या पाठीवर हात ठेवून काही म्हणायचं नाही, आई. मी हिला ओळखत नाही. मला वाटतं मी तुलाही ओळखत नाही. ओळख होऊ दे. हिची पहिली लोकर कातरू, तेव्हा नाव ठेवीन."

"तोवर हाका कशा मारायच्या?" एवारिस्तोने विचारलं. "कानही नाहीत तिला."

"शीळ घाल. एवढा वेळ घालतच होतास."

पश्चिमेकडून गारांचा पहिला सडा कुंपणावर वाजला. एवारिस्तो घोंगडी आणायला धावला. मेलितोना तशीच बसून होती, ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करते आहे. जवळ गेलो तेव्हा कळलं, ती महिने मोजत होती. पहिली लोकर दुसऱ्या वर्षी कातरतात, आणि कातरतात नोव्हेंबरात.

"कोम्पाद्रे," तिने मला हलकेच विचारलं, "म्हणजे या नोव्हेंबरात नाही. त्याच्या पुढच्या."

"त्याच्या पुढच्या, कोमाद्रे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. हाताला हात घासून उठली, घोंगडी घेऊन येणाऱ्या मुलाला अडवलं आणि म्हणाली, "चुलीजवळच्या कट्ट्यावरची तुझी पोती आणि दोर काढ. उद्या ट्रकला नाही जाणार ती. तिला पाठ टेकायला जागा पाहिजे."

"काढतो. ठेवू कुठे पण?"

"डोक्यावर," मेलितोना म्हणाली, आणि गारांतून घराकडे चालू लागली.